ब्रिज सर्किट : मधले 2.1 व्होल्ट गेले कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात. तपकीर गल्लीतून पाव वॅटचे रेझिस्टर आणून ब्रेडबोर्डवर व्हीटस्टन ब्रिज (रोध मोजायची चार रेझिस्टरांची मांडणी) जोडलात, सप्लायला 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. डावीकडे वर 100 ओहम आणि खाली 300. उजवीकडे वर 200 आणि खाली 600 (300 चे दोन, एकामागोमाग). मधोमध मल्टिमीटर लावला तर जवळजवळ शून्य, म्हणजे ब्रिज बॅलन्स झाला. पण डावीकडच्या 300 ओहमवर बोट ठेवता येत नाही इतका तो तापतो. "करंट शून्य, तर हा गरम का?" हा तुमचा पहिला प्रश्न.

मग तुम्ही उजवीकडचे 600 काढून तिथे 200 लावलात. मधोमध 3 व्होल्ट दिसले. त्या जागी 75 ओहमचा रेझिस्टर जोडला, हिशेब केला की 3 भागिले 75 म्हणजे 40 मिलिअँपिअर. मिळाले जेमतेम 12, आणि 3 व्होल्टचे 0.9 झाले. "2.1 व्होल्ट गेले कुठे? मीटर खराब आहे का?" हा दुसरा. आणि जाता जाता विचारलंत की डायोडच्या ब्रिजलाही हेच लागू होतं का.

मीटर चांगला आहे, जोडणीही चांगली आहे. तुमचे आकडे इतके बरोबर आहेत की मला वाचून आनंद झाला. अडचण आकड्यांत नाही, प्रश्नाच्या शब्दांत आहे. "ब्रिजचा करंट", "त्या पॉइंटवरचा व्होल्टेज" हे दोन्ही शब्दप्रयोग अर्धवट आहेत. व्होल्टेज कधीच एका पॉइंटवर नसतो, तो दोन पॉइंटांच्या मध्ये असतो. करंट कधीच अख्ख्या सर्किटचा नसतो, तो कुठल्या तरी एका वाटेतून जातो. मराठी माध्यमात शिकला असाल तर शाळेच्या पुस्तकात 'विभवांतर' हा शब्द तुम्ही पाठ केला असेल. आपल्याला तो जड वाटतो आणि आपण 'व्होल्टेज' म्हणून मोकळे होतो. पण त्या शब्दात 'अंतर' आहे, आणि अंतर म्हटलं की दोन टोकं आलीच. भोसरीत वजनकाट्यांचे इंडिकेटर आणि लोडसेल (काट्याखालचे वजन ओळखणारे ठोकळे) दुरुस्त करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि नव्या मुलांना मी सगळ्यात आधी ह्या एका शब्दापाशी थांबवते.

आता तुमच्या सर्किटला नावं देऊ. अ‍ॅडॉप्टरच्या प्लसला जोडलेलं वरचं टोक 'क', मायनसला जोडलेलं खालचं टोक 'ख'. डावीकडच्या दोन रेझिस्टरांचा सांधा 'ग', उजवीकडचा 'घ'. पुस्तकात हे चौकटच्या आकारात काढतात आणि तिथेच मुलांचा गोंधळ सुरू होतो, कारण तिरक्या रेषांमुळे काय कशाला समांतर आहे ते दिसतच नाही. तुम्ही दोन सरळ उभ्या शिड्या काढा. डावी शिडी क पासून ख पर्यंत, उजवी शिडी क पासून ख पर्यंत. दोघींची वरची टोकं एक, खालची टोकं एक, म्हणजे दोघींवर तेच 12 व्होल्ट. ग आणि घ हे त्या शिड्यांवरचे मधले दोन टप्पे. ब्रिज म्हणजे एवढंच: दोन व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणाऱ्या रेझिस्टरांच्या जोड्या) शेजारी शेजारी उभे, आणि त्यांच्या मधल्या टप्प्यांना जोडणारी एक आडवी वाट.

डाव्या शिडीत 100 अधिक 300 म्हणजे 400 ओहम. 12 व्होल्टला 30 मिलिअँपिअर. खालच्या 300 वर 9 व्होल्ट पडतात, म्हणजे ग हा ख पासून 9 व्होल्ट उंच. उजव्या शिडीत 800 ओहम, 15 मिलिअँपिअर, खालच्या 600 वर 9 व्होल्ट. घ सुद्धा ख पासून 9 व्होल्ट उंच. दोघंही एकूण उंचीच्या पाऊणपटीवर बसलेत. एकाच उंचीवरच्या दोन टप्प्यांमध्ये फरक शून्य, म्हणून त्या आडव्या वाटेतून करंट शून्य. फक्त त्या वाटेतून. दोन्ही शिड्यांमधून करंट खळखळून वाहतो आहे, एकीतून 30, दुसरीतून 15, अ‍ॅडॉप्टरमधून एकूण 45.

तुमचा 300 ओहम का तापला ते आता हिशेबात दिसेल. त्यावर 9 व्होल्ट आणि त्यातून 30 मिलिअँपिअर, म्हणजे 0.27 वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर म्हणजे 0.25 वॅट. तो त्याच्या मर्यादेच्या बाहेर काम करतो आहे. उजवीकडचे 300 चे दोन मात्र गार असतील, हात लावून बघा. तिथे करंट निम्मा आहे, प्रत्येकावर 4.5 व्होल्टच आहेत, आणि प्रत्येकात जेमतेम 0.07 वॅट. डावीकडे अर्ध्या वॅटचा लावा. हे केवळ रेझिस्टर जळू नये म्हणून सांगत नाही. तापलेल्या रेझिस्टरचा रोध (ओहमचा आकडा) बदलतो, एकच भुजा (ब्रिजच्या चारपैकी एक बाजू) तापली की ग सरकतो, आणि तुम्ही मेहनतीनं मिळवलेलं शून्य दहा मिनिटांत हळूहळू पळू लागतं.

लहानपणी आमच्या शेतात विहिरीच्या थारोळ्यातून दोन पाट निघायचे आणि उताराच्या दोन बाजूंनी खाली ओढ्यापर्यंत जायचे. आजोबांनी मधोमध एक आडवी चर काढून ते जोडले होते. चरीची दोन्ही टोकं एका पातळीला असली की चरीतलं पाणी निपचित पडून राहायचं, पानसुद्धा हलायचं नाही, आणि दोन्ही पाट मात्र भरून वाहत असायचे. एका पाटात खालच्या अंगाला माती टाकून अडवलं की त्या पाटाची पातळी चढायची आणि लगेच चरीतलं पाणी दुसरीकडे धावायचं. पातळी म्हणजे विभव, पाणी म्हणजे करंट. एवढ्यापुरती ही उपमा चांगली आहे. पुढे ती ताणू नका, कारण पाटाची उंची जमीन ठरवते, आणि ब्रिजमध्ये ग आणि घ ची उंची रेझिस्टरांचं गुणोत्तर ठरवतं.

गुणोत्तर ठरवतं, म्हणूनच ह्या सर्किटला इतकी वर्षं मान आहे. अ‍ॅडॉप्टर काढून 9 व्होल्टची बॅटरी लावा. ग 6.75 वर येईल, घ सुद्धा 6.75 वर येईल, फरक शून्यच राहील. सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी ही मांडणी 1833 साली दाखवली, चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1843 साली ती रोध मोजायला वापरून प्रसिद्ध केली आणि श्रेय क्रिस्टींना दिलं. पण नाव चिकटलं ते व्हीटस्टनचं. त्या काळच्या बॅटऱ्यांचा व्होल्टेज वापरता वापरता उतरायचा, त्यावर विसंबून अचूक मोजणं अवघड होतं. ब्रिज बॅलन्स करून मोजलं की बॅटरी किती उतरली आहे ह्याची चिंताच उरत नाही. बॅटरी उतरली तर फक्त मीटरचा काटा कमी हलेल, शून्याची जागा तीच. बारावीच्या प्रयोगशाळेतली एक मीटर तारेची पट्टी आणि पोस्ट ऑफिस बॉक्स (रोध मोजायची पेटी) ही ह्याच घराण्यातली माणसं.

तुम्हाला शून्य 'जवळजवळ' मिळालं, नेमकं नाही, त्याचंही कारण हेच. 5 टक्के टॉलरन्सचा 300 ओहम खरंतर 315 असू शकतो. मग ग 9 ऐवजी 9.11 वर जातो आणि मध्ये 0.11 व्होल्ट दिसतात. सगळे रेझिस्टर 1 टक्क्याचे घेतलेत तर हा आकडा खूप खाली येईल, पण हाताने जुळवल्याशिवाय शून्य होणार नाही.

आता 2.1 व्होल्टांकडे येऊ, हा खरा सुंदर भाग आहे.

उजवीकडे खाली 600 च्या जागी 200 लावलात. वर 200, खाली 200, म्हणजे घ आता निम्म्यावर, 6 व्होल्टवर. ग अजून पाऊणपटीवर, 9 व्होल्टवर. फरक 3. मल्टिमीटर हे 3 बरोबर दाखवतो कारण बहुतेक डिजिटल मीटरचा आतला रोध 10 मेगओहमच्या आसपास असतो. तो त्या आडव्या वाटेतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, नुसता बघतो.

75 ओहम नुसता बघत नाही. तो ग कडून घ कडे करंट ओढतो. हा करंट आला कुठून? वरून, 100 ओहममधून. आता त्या 100 मधून आधीपेक्षा जास्त करंट जातो, त्यावर जास्त व्होल्ट पडतात, आणि ग खाली दबतो. तिकडे घ मध्ये हा जास्तीचा करंट येऊन पडतो, खालच्या 200 मधून जास्त वाहतं, त्यावर जास्त व्होल्ट पडतात, आणि घ वर चढतो. दोन्ही टप्पे एकमेकांकडे सरकतात. तुम्ही 40 मिलिअँपिअरचा हिशेब करताना धरून चाललात की ग आणि घ आपापल्या जागी खिळे ठोकून बसवलेत. ते तसे नसतात. त्यांना धरून ठेवणारे रेझिस्टर आहेत आणि ते ताणले जातात.

किती सरकतात? ग च्या बाजूनं बघा. त्याला वरून 100 ओहमनं आणि खालून 300 ओहमनं धरलंय. अ‍ॅडॉप्टर आपला व्होल्टेज घट्ट धरून ठेवतो असं मानलं तर ग च्या दृष्टीनं हे दोन्ही समांतर आहेत: 100 गुणिले 300 भागिले 400, म्हणजे 75 ओहम. (मधला रेझिस्टरही 75 आहे हा योगायोग, त्यात गुंतू नका.) घ च्या बाजूला 200 आणि 200 समांतर, म्हणजे 100. थेवेनिनचं प्रमेय ज्याला म्हणतात ते इथे एवढंच आहे. आडव्या वाटेच्या दृष्टीनं सगळा ब्रिज म्हणजे 3 व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्या पोटात 75 अधिक 100, असा 175 ओहमचा रोध. त्यात तुमचे 75 मिळवा: 250 ओहम. 3 भागिले 250, बरोबर 12 मिलिअँपिअर. तुमचा मीटर तेच सांगत होता.

आणि हरवलेले व्होल्ट सापडतात ते असे. 12 मिलिअँपिअर गुणिले 75 म्हणजे 0.9, तेवढा ग खाली आला, 9 वरून 8.1 वर. 12 गुणिले 100 म्हणजे 1.2, तेवढा घ वर गेला, 6 वरून 7.2 वर. 0.9 आणि 1.2 मिळून 2.1. राहिले 8.1 वजा 7.2, म्हणजे 0.9, तेच तुमच्या 75 ओहमवर. व्होल्ट कुठेही गेले नाहीत, मुळात ते तिथे साठवलेले नव्हतेच. दोन उंचींमधला फरक कमी झाला.

पटत नसेल तर चारही भुजांमधला करंट काढून जमाखर्च लिहा. मी अजूनही शंका आली की वहीत हेच करते. डावीकडे वर 3.9 व्होल्ट 100 ओहमवर, म्हणजे 39 मिलिअँपिअर. डावीकडे खाली 8.1 व्होल्ट 300 वर, म्हणजे 27. फरक 12, तो आडवा गेला. उजवीकडे वर 4.8 व्होल्ट 200 वर, 24. त्यात आडवे आलेले 12 मिळवा, 36. खाली 7.2 व्होल्ट 200 वर, 36. जमलं. वरून निघाले 39 अधिक 24, म्हणजे 63. खाली पोचले 27 अधिक 36, म्हणजे 63. एक मिलिअँपिअरही इकडचा तिकडे नाही. किरचॉफचे नियम पाठ करणं वेगळं आणि स्वतः मोजलेल्या आकड्यांचा ताळेबंद असा जुळताना बघणं वेगळं.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगायला हव्यात. अ‍ॅडॉप्टर साधा, रेग्युलेशन नसलेला असेल तर कमी लोडवर 12 च्या बराच वर जाईल, आणि लोड बदलला की ग आणि घ दोघंही हलतील. करंट मोजताना मल्टिमीटर स्वतः त्या वाटेत बसतो आणि त्याचा आतला रोध 75 मध्ये मिळतो, त्यामुळे 12 च्या जागी थोडं कमी दिसलं तर घाबरू नका. मधोमध काय जोडायचं ह्याचा नियमही एकच नाही. जुन्या पद्धतीचा गॅल्व्हानोमीटर (काट्याचा मीटर) करंटवर चालतो, म्हणून तिथे भुजांचे रोध आणि गॅल्व्हानोमीटरचा रोध ह्यांचं नातं बघावं लागतं. आजचा अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज वाचतो आणि करंट जवळजवळ घेत नाही, तिथे नुसता 9 वजा 6 चा हिशेब पुरतो. तुमच्या पुस्तकातली गणितं पहिल्या जगातली आहेत आणि तुमचा मल्टिमीटर दुसऱ्या जगातला, म्हणूनही गोंधळ झाला.

थोडक्यात जमवून घेऊ, कारण पुढे लोडसेलकडे जायचंय. व्होल्टेजबद्दल विचारताना 'कुठून कुठपर्यंत' हे विचारा. करंटबद्दल विचारताना 'कशातून' हे विचारा. आडव्या वाटेतला करंट शून्य असणं म्हणजे शिड्या कोरड्या असणं नव्हे. आणि आडव्या वाटेला काही जोडलं की दोन्ही टप्पे सरकतात.

माझ्या टेबलावर रोज येतो तो ब्रिज म्हणजे लोडसेल. पोलादाच्या ठोकळ्यावर चार स्ट्रेन गेज (ताणलं किंवा दाबलं की रोध बदलणाऱ्या पातळ पट्ट्या) चिकटवलेले असतात, बहुधा 350 ओहमचे. वजन आलं की ठोकळा नजरेला न दिसण्याइतका वाकतो, दोन भुजा किंचित वाढतात, दोन किंचित कमी होतात. 10 व्होल्ट सप्लाय दिला तर प्रत्येक शिडीत 700 ओहम, 14.3 मिलिअँपिअर, आणि दोन्ही सिग्नल वायरी मायनसपासून 5 व्होल्ट उंच. 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट क्षमतेचा लोडसेल पूर्ण वजनाला एकूण 20 मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एक वायर 5.01 वर जाते, दुसरी 4.99 वर येते. चारही भुजा सारख्याच प्रमाणात बदलतात असं धरलं तर प्रत्येक भुजेत 350 मागे 0.7 ओहमचा बदल. तुमच्या मल्टिमीटरच्या 20 व्होल्टच्या रेंजवर ह्यातला शेवटचा आकडा कसाबसा हलेल. म्हणून एकेक वायर मायनसपासून मोजून वजाबाकी करायची नसते. दोन्ही प्रोब थेट दोन सिग्नल वायरींवर ठेवून 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर मोजायचं असतं. व्होल्टेज कुठून कुठपर्यंत, ह्या प्रश्नाला इथे पैशांचं मोल आहे.

मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे शिकले ते नुकसान होऊनच. सिग्नल बघायला मी ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला आणि त्याची ग्राउंडची क्लिप 'सिग्नल मायनस'ला अडकवली. मायनस म्हणजे ग्राउंडच, असं मनात होतं. स्कोपची क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते, आणि त्या सप्लायचा मायनसही अर्थिंगला जोडलेला होता. म्हणजे जो टप्पा 5 व्होल्टवर असायला हवा तो मी एका क्लिपनं शून्यावर खेचून बसवला. खालची भुजा शॉर्ट, वरच्या एकट्या 350 ओहमवर सगळे 10 व्होल्ट. करंट दुप्पट, म्हणून त्या गेजमधली उष्णता चौपट. लोडसेल चालू राहिला, पण त्याचं शून्य पुन्हा कधी स्थिर झालं नाही आणि तो बदलावा लागला. 'सिग्नल मायनस' हे नुसतं नाव आहे. तो जमिनीवरचा पॉइंट नाही, अर्ध्या उंचीवरचा आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तीत तिसऱ्याच माणसाचं नुकसान होतं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात परतीच्या पावसानंतर, हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, एका भुईकाट्याची तक्रार आली. सकाळी शून्य एक, ऊन चढल्यावर दुसरं, संध्याकाळी तिसरं. लोडसेल सहा, प्रत्येक 20 टनाचा, जंक्शन बॉक्समध्ये समांतर जोडलेले. (लोडसेल समांतर जोडले की सिग्नलची बेरीज होत नाही, सरासरी होते. सप्लायकडून घेतला जाणारा करंट मात्र सहापट होतो.) सगळे लोडसेल एकेक करून तपासले, रोध बरोबर. शेवटी जंक्शन बॉक्स उघडला तर आत झाकणावर दव, टर्मिनलच्या पट्टीवर ओल्या धुळीचा थर.

ती ओल म्हणजे एका सिग्नल वायरपासून मायनसपर्यंतची एक गुपचूप वाट. समजा तिचा रोध 10 लाख ओहम आहे, म्हणजे 1 मेगओहम. कुणी म्हणेल, 350 ओहमच्या पुढे 10 लाख ओहमला कोण विचारतो? तुम्ही आता स्वतः काढू शकता. हिशेबाला एकच लोडसेल घ्या. सिग्नलचा टप्पा 5 व्होल्टवर, त्याला वरून 350 आणि खालून 350 नं धरलंय, म्हणजे 175 ओहम. गळतीचा करंट 5 मायक्रोअँपिअर. टप्पा खाली सरकतो 5 मायक्रोअँपिअर गुणिले 175, म्हणजे 0.875 मिलिव्होल्ट. 20 मिलिव्होल्ट म्हणजे 20 टन, तर 0.875 मिलिव्होल्ट म्हणजे 875 किलो. सहा लोडसेल समांतर धरून केलंत तरी उत्तर 875 किलोच येतं, करून बघा. मिलिव्होल्ट सहापट कमी सरकतात, पण प्रत्येक मिलिव्होल्टमागचं वजन सहापट झालेलं असतं.

ही चूक कायम तेवढीच राहिली असती तर शून्य जुळवताना निघून गेली असती. पण ऊन पडलं की ओल सुकते, रात्री पुन्हा धरते, आणि रिकाम्या काट्याचा आकडा दिवसभर सरकत राहतो. भरलेली गाडी काट्यावर आली ती वेळ आणि रिकामी होऊन परत आली ती वेळ, ह्यांच्यात शून्य सरकलं तर तो फरक थेट उसाच्या वजनात शिरतो. बाराएक महिने राबून ऊस आणलेल्या माणसाच्या पावतीवर ते किलो उमटतात. मी ती पट्टी बदलली, बॉक्समध्ये सिलिका जेल ठेवलं, ग्लँड (केबल आत शिरते तिथली सील) घट्ट केल्या, आणि दोन दिवस शून्य लिहून काढलं. मग सही केली.

चांगल्या लोडसेलचं इन्सुलेशन 5000 मेगओहम किंवा जास्त असतं असं कंपन्या लिहितात, ते का लिहितात हे ह्या हिशेबातून कळतं. ते तपासायला 500 व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) मात्र लावू नका, गेजखालचा पातळ थर फुटू शकतो. कमी व्होल्टेजवर तपासणारं मीटर वापरा, आणि तेही इंडिकेटरपासून वायरी सोडवून.

डायोडच्या ब्रिजचं (एसीचं डीसी करणाऱ्या सर्किटचं) उत्तर छोटं आहे. चौकटचा आकार तोच, काम वेगळं. तिथे बॅलन्स नाही आणि गुणोत्तरही नाही. एका वेळी समोरासमोरचे दोन डायोड चालू असतात आणि दोन बंद. लोड त्या आडव्या वाटेच्या जागी बसतो आणि त्यातून करंट दर वेळी एकाच दिशेनं जातो. 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर 17 व्होल्ट, त्यातून दोन डायोडांचे मिळून साधारण 1.4 वजा, म्हणून कपॅसिटर लावून हलक्या लोडवर 15.6 च्या आसपास दिसतात. सारखेपणा एकाच बाबतीत आहे: इथेही डीसीचा मायनस आणि ट्रान्सफॉर्मरचं खालचं टोक हे एक पॉइंट नाहीत. दोन चॅनलच्या स्कोपची एक क्लिप इकडे आणि दुसरी तिकडे लावलीत तर दोन्ही क्लिपा आतून एकच असल्यामुळे एक डायोड बायपास होईल आणि अर्ध्या सायकलमध्ये दुसरा डायोड थेट ट्रान्सफॉर्मरवर शॉर्ट होऊन जळेल.

आता तुमच्यासाठी एक काम. डावीकडे अर्ध्या वॅटचा 300 लावा, उजवीकडे 600 परत आणा, आणि दहा मिनिटं सर्किट चालू ठेवून मधला आकडा स्थिर होऊ द्या. लाल प्रोब ग वर, काळा घ वर, रेंज 200 मिलिव्होल्ट. जो काही आकडा शिल्लक असेल तो लिहून ठेवा. मग घ आणि मायनसच्या मध्ये 100 किलोओहमचा रेझिस्टर टेकवा. घ ला 200 आणि 600 नं धरलंय, म्हणजे 150 ओहम. उंची 9 व्होल्ट. आकडा साधारण 13.5 मिलिव्होल्टनं वाढायला हवा. नंतर तोच रेझिस्टर घ आणि प्लसच्या मध्ये टेकवा. घ पासून प्लसपर्यंतची उंची 3 व्होल्टच आहे, त्यामुळे बदल एक तृतीयांश होईल आणि उलट्या दिशेला जाईल, 4.5 मिलिव्होल्टनं कमी. तुमचे आकडे इथेच खाली लिहा. टॉलरन्समुळे थोडा फरक पडेल तो चालेल, पण दिशा उलटी आली तर कुठला प्रोब कुठे होता तेही लिहा, मग आपण बघू.